चकलीनं बेदाणे खाल्ले तेव्हा

आमच्या चकलीचं, म्हणजे आमच्या कुत्रीचं, वजन १३ किलो. आता हा आकडा मला स्वतःच्या रक्तगटापेक्षा पक्का पाठ आहे. गेल्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मात्र डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला आणि मी गप्प. "बारा-पंधरा असेल," मी म्हणाले. दुसरा प्रश्न, किती खाल्ले. तिसरा, कधी. तिसऱ्याचं उत्तर तेवढं येत होतं, कारण साडेआठला मी आंघोळीला गेले तेव्हा पिशवी शाबूत होती आणि पावणेनऊला बाहेर आले तर चकली सोफ्याखाली बसून जिभल्या चाटत होती.

पिशवी बेदाण्याची. मी सांगलीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. तिथं साठवणीला येतो तो मुख्यतः बेदाणाच. सौद्यांच्या दिवसांत नमुन्याच्या पिशव्या टेबलावर, ड्रॉवरमध्ये, पर्समध्ये, सगळीकडे लोळत असतात. त्यातलीच एक पाव किलोची, हिरव्या बेदाण्याची, मी घरी आणली होती. रविवारचा शिरा करायचा होता. माहेर तासगाव तालुक्यात, द्राक्षबागेत वाढलेली मी. आमच्या शिऱ्यात रवा कमी आणि बेदाणे जास्त.

आईला काहीच वाटलं नाही. "खाऊ दे की. बेदाणंच हाईत, काय उंदराचं औषध न्हवं."

मलाही एरवी वाटलं नसतं. पण माझा मुलगा तेजस दिवसभर मोबाइलवर कुत्र्यांचे व्हिडिओ बघतो. त्यानं त्यात कुठंतरी ऐकलं होतं की बेदाणे म्हणजे कुत्र्याला विष. तो ओरडला, "मम्मी, डॉक्टरांना फोन लाव, आत्ता." सोळा वर्षांचं पोरगं रविवारी पावणेनऊला जागं असतं हेच आधी नवल, म्हणून मी ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या, दोन तासांच्या आत उलटी झाली पाहिजे. तोवर आईनं स्वयंपाकघरात मिठाचं पाणी ढवळायला घेतलं होतं. गावाकडचा पहिला इलाज तोच. मी फोनवर विचारलं तर डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, घरी काही म्हणजे काही पाजू नका, मीठ तर नाहीच. कुत्र्याच्या पोटात एवढं मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून त्यालाच झटके येऊ शकतात. एका विषावर दुसरं विष.

निघण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि घरचे अजून त्यावरून मला चिडवतात. उरलेली पिशवी काट्यावर ठेवली. १७० ग्रॅम. म्हणजे ८० ग्रॅम चकलीच्या पोटात. हिशेबनिसाला दुसरं काय सुचणार! पण डॉक्टरांना नेमका तोच आकडा हवा होता. त्यांनी चकलीला आधी वजनकाट्यावर उभं केलं, तेरा किलो दोनशे. मग म्हणाले, किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास बेदाण्यांनीही कुत्र्याची किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत. मी मनातल्या मनात भागाकार केला. सहा ग्रॅम. दुप्पट.

उलटीचं इंजेक्शन दिल्यावर दहाएक मिनिटांत फुगलेले हिरवे बेदाणे बाहेर आले. उत्तम प्रतीचा, गोल, एकसारख्या साइजचा माल होता हो. सौद्यात बरा भाव मिळाला असता. त्या क्षणी असं सुचलं याची लाज वाटते, पण सुचलं.

मग दोन दिवस सलाइन आणि तीन दिवस रोज रक्त. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढतंय का, लघवी होतेय का, एवढंच बघायचं. मी ऑफिसला सुट्टी टाकून चकलीच्या मागं मागं कंपाउंडमध्ये फिरत होते आणि ती प्रत्येक वेळी पाय दुमडून बसली की देवाचं नाव घेत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय गं, काय बघतीयस? काय सांगणार.

चकली वाचली. गोष्ट तिथं संपायला हरकत नव्हती.

पण तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा डॉक्टर निवांत होते. मी विचारलं, द्राक्षांत असं आहे तरी काय? ते म्हणाले, कितीतरी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. फवारणीचं औषध असेल, बुरशी असेल, असे नुसते अंदाज चालायचे. मग अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेसाठी एक हेल्पलाइन आहे, तिथल्या डॉक्टरांकडे एका कुत्र्याची केस आली. त्यानं मुलांची घरी मळलेली खेळायची माती खाल्ली होती आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षं खाल्ल्यासारखी. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक ॲसिडचं मीठ. द्राक्षातही तेच ॲसिड. २०२१ मध्ये त्यांनी हे छापलं. कुत्र्याच्या किडनीला ते झेपत नाही असं दिसतं. आणि द्राक्षातलं त्याचं प्रमाण जात, पिकलेपणा, हवामान यानुसार बदलतं, म्हणून एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं आणि दुसरं थोडक्यात जातं.

टार्टारिक ॲसिड! आमच्या घरात साखर उतरली का आणि आंबटपणा किती राहिला यावर जेवणं व्हायची. आण्णा, माझे वडील, मणी दातांखाली फोडून सांगायचे, अजून आठ दिवस थांबा. त्या आंबटपणातला मोठा वाटा याचाच.

"आणि चिंच," डॉक्टर पुढं म्हणाले. "चिंचेतही तेच ॲसिड. तेही भरपूर."

घरी येऊन आईला सांगितलं. ती परात घेऊन बसली होती. म्हणाली, "म्हंजी आमटी-भात बी न्हाई? मग ह्या कुत्र्यानं खायाचं काय?"

प्रश्न रास्त होता. चकली आमच्याकडं आली चार वर्षांपूर्वी, पावसात, जिन्याखाली. शेपटीचा एवढा घट्ट वेढा होता की तेजस म्हणाला चकली, आणि तेच राहिलं. तेव्हापासून तिचा नाश्ता म्हणजे आमच्या ताटांतली वर्गणी. सगळे जेवढं टाकतील तेवढं. सांगलीचं घर, त्यामुळं वर्गणीत काय काय असायचं ते बघा: पोहे, उप्पीट, थालीपीठ, शनिवारी कटवडा, अधूनमधून भडंग, आणि आईच्या बशीतला चहा. डॉक्टरांसमोर मी ही यादी वाचली. ते एकेका पदार्थाला मान हलवत गेले, कधी उभी, कधी आडवी.

सगळ्यात जास्त वेळ कांद्यावर गेला. कांदा, लसूण, कांद्याची पात, ही सगळी एकाच कुळातली. त्यांतल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. शिजवून, तळून, वाळवून काही फरक पडत नाही. कांदा-लसूण मसाल्यातही ते असतंच. आणि फसवं असं की त्याच दिवशी काही दिसत नाही. तीन-चार-पाच दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते. तोवर पोहे कोण लक्षात ठेवतंय!

इथंही मी आकडे विचारले. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एकदम गेला तर रक्तात बदल दिसायला लागतात. सावध माणसं वजनाच्या अर्धा टक्का हीच हद्द धरतात. तेरा किलोच्या चकलीला अर्धा टक्का म्हणजे ६५ ग्रॅम, एक लहानसा कांदा. चमचाभर पोह्यांतले चार तुकडे खाऊन ती मरणार नव्हती, हे खरं. म्हणून तर चार वर्षं काही कळलं नाही. पण रोज सकाळी चौघांच्या ताटांतून चार चमचे, त्यावर थालीपिठातला कांदा, त्यावर भडंगातल्या तळलेल्या लसणाच्या पाकळ्या. लसूण वजनाला कांद्यापेक्षा जास्त कडक. हे साचत जातं. मागच्या वर्षी तिचं हिमोग्लोबिन जरा कमी आलं होतं, तेव्हा आम्ही गोचिडांना दोष दिला होता. गोचीडही असतील. मला खात्रीनं सांगता येणार नाही, पण पोह्यांवर आता माझा संशय आहे.

चहाचं तसंच. चहात कॅफीन असतं, आणि चॉकलेटात ज्यानं कुत्री दगावतात ते थिओब्रोमीन म्हणजे त्याचंच भावंड. बशीच्या तळाशी राहिलेल्या दुधाळ चहानं काही होत नाही. चहाचा गाळ किंवा कॉफीची पूड कुत्र्यानं बादलीतून खाल्ली तर मात्र पळायला हवं. आईला हे सांगितल्यावर तिनं चहा बंद केला आणि नुसतं दूध सुरू केलं. मग दोन दिवस चकलीचं पोट बिघडलं. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. दही त्या मानानं सोसतं. आता आई ताक देते, बिनमिठाचं, आणि मला बजावते की तिनं आधीच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं.

तेजसच्या फॅशनेबल नाश्त्याला मी आधी हसायचे, पण खरा भुरटा तिथंच निघाला. त्याच्या मुसलीत बेदाणे, हे तर झालंच. शिवाय पीनट बटर. साधं, नुसत्या शेंगदाण्याचं असेल तर चालतं. साखर नसलेलं असेल तर डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचायची. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो, आणि कधी कधी नाव न लिहिता नुसता ९६७ हा क्रमांक असतो. माणसाला त्यानं काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिनचा असा लोंढा सुटतो की अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर तळाला जाते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं, आणि जास्त गेलं तर लिव्हर. शुगर फ्री च्युइंगगममध्येही तेच. आमच्या डब्यावर ९६७ नव्हतं. तरी डबा आता फ्रिजच्या वर आहे.

कटवड्याबद्दल डॉक्टर एकच वाक्य बोलले: तेल. कांदा-लसूण बाजूला ठेवला तरी एवढी चरबी एकदम गेली की स्वादुपिंडाला सूज येते, आणि त्यांच्याकडे दिवाळीनंतर अशीच कुत्री रांगेत असतात. पुऱ्या, वडे, लोणी लावलेला स्पंज डोसा, सगळं त्याच खात्यात.

चालतं ते काय? उकडलेलं अंडं. केळं. पपई, बिया काढून. सफरचंद, तेही बिया काढून. साधी इडली, सांबार-चटणीशिवाय. आंबोळी. भात. ज्वारीची भाकरी. आणि गंमत म्हणजे साबुदाण्याची खिचडी: तिच्यात कांदा नाही, लसूण नाही, मिरची वेचली आणि तूप आवरलं तर चमचाभर चालून जाते. म्हणजे इतकी वर्षं आमच्या चकलीनं सगळ्यात निर्धोक नाश्ता एकादशीला केला.

पण चालतं म्हणून कितीही नाही. वरचं खाणं दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत. तिला दिवसाला साडेसातशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे वरखर्चाला पंचाहत्तर. एक उकडलेलं अंडं दिलं की त्या दिवसाचं खातं बंद. टोस्ट आणि खारीसाठी ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघते ती मी इथं लिहिणार नाही.

भाकरीवरून आईचा आणि तेजसचा वाद झाला. त्याचं म्हणणं, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला मांसच हवं. आईचं म्हणणं, आमच्या वस्तीवरची कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरीवर जगली. यात आई जिंकली. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर राहून राहून कुत्र्यानं पोटच बदलून घेतलं. तेजसनं स्वतःच ते शोधून काढलं आणि आजीला वाचून दाखवलं, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

"आमच्या वस्तीवरची कुत्री." आई हे म्हणाली आणि थांबली. त्याच रात्री, दिवे मालवल्यावर, तिनं मला विचारलं, "राजाचं काय झालं आसंल गं मग?"

राजा म्हणजे आण्णांचा कुत्रा. २०११ चा हंगाम. आमची स्वतःची बेदाण्याची शेड होती: बारा-चौदा थरांच्या जाळ्या, बाजूनं हिरवी नेट. द्राक्षं डिपिंगच्या, म्हणजे लवकर वाळावीत म्हणून तेल मिसळलेल्या, पाण्यात बुडवून काढायची, जाळीवर पसरायची, पंधरा दिवसांत चार किलोचा एक किलो होतो. वाळला की जाळ्या हलवायच्या आणि बेदाणा पाऊस पडल्यासारखा खाली. राजा रात्रंदिवस त्या शेडखाली. मार्चच्या शेवटी तो उलट्या करायला लागला. मग नुसता पाणी पीत सुटला, मग पाणीही बंद, मग लघवीही. चौथ्या दिवशी गेला.

आण्णांनी ठरवून टाकलं की बांधाशेजारच्या तात्यांनी विष घातलं. बांधाचा वाद आधीपासून होताच. मी तेव्हा माहेरी आले होते. आण्णा बांधावर उभं राहून जे बोलले ते मी ऐकलं आहे. तात्या काही बोलले नाहीत, घरात गेले. त्यानंतर आठ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही, पाण्याच्या पाळीवरून पोलीस पाटलापर्यंत गेलेलं भांडण, लग्नाच्या पत्रिका बंद. २०१९ मध्ये आण्णा गेले तेव्हा तात्या आले, पण लांब, चिंचेखाली उभे राहिले आणि तसेच परत गेले.

राजानं बेदाणे खाल्ले की नाही हे आता कोण सांगणार! शेडमध्ये डिपिंगचं तेल होतं, गंधक होतं, उंदरांचं औषधही असायचं. सापही असेल. मी आईला एवढंच म्हणाले की विषाशिवायही तसं होऊ शकतं. ती कुशीवर वळली. मला वाटलं झोपली.

मेमध्ये आम्ही गावी गेलो. आई दुपारी कुठं दिसेना. चार वाजता बांधाकडून येताना दिसली. तात्यांच्या घरी जाऊन आली होती, चौदा वर्षांनी. तात्या झोपले होते म्हणे, त्यांच्या बायकोशीच बोलली. हातपाय धुऊन, पदराला तोंड पुसत मला म्हणाली, "त्यांचा बी एक गेल्ता. वाघ्या. त्याच उन्हाळ्यात, राजाच्या मागनं आठ-धा दिसांत. आन् तात्या म्हनत हुते, आण्णानं उट्टं काडलं."

"मग?"

"मग काय. चा पिला."

तात्यांचीही शेड होती. आमच्या शेडपासून दोनशे फुटांवर. कुत्र्यांना बांध माहीत नसतो. राजा आणि वाघ्या दोन्हीकडं हिंडायचे.

सांगलीला परत आल्यावर सोमवारी पोह्यांचा दिवस. आईनं पोहे भिजवले, कांदा चिरायला घेण्याआधी त्यातली एक मूठ वेगळी काढली आणि चकलीच्या ताटलीत ठेवली. वर अर्धं केळं कुस्करलं. चकलीनं केळं खाल्लं, पोहे हुंगले, आणि कढईतल्या फोडणीकडं बघत बसली.